‘सर्वांत जास्त दोषी कोण?’ हा प्रश्न ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ला मान्य आहे का?

काठावरची

नमस्कार. आम्ही काही वर्षांपासून इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. मुलगी यंदा जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीसारख्या शालेय परीक्षेला बसणार आहे आणि तिला जे. बी. प्रीस्टली यांचे ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ हे नाटक अभ्यासाला आहे. तिच्याबरोबर मीही ते दोनदा वाचले, आणि आता तिच्यापेक्षा मीच त्यात जास्त अडकले आहे.

ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. काळ १९१२ च्या वसंताचा, गाव ब्रमली नावाचे काल्पनिक औद्योगिक शहर. कारखानदार आर्थर बर्लिंग यांच्या घरी मुलगी शीला हिच्या साखरपुड्याची मेजवानी चालू असताना गूल नावाचा पोलीस इन्स्पेक्टर येतो आणि एव्हा स्मिथ नावाच्या तरुणीने जंतुनाशक पिऊन जीव दिल्याचे सांगतो. मग एकेकाचा तिच्याशी असलेला संबंध उलगडत जातो. तिने संपात पुढाकार घेतला म्हणून बर्लिंग यांनी तिला कामावरून काढलेले असते. शीलाने रागाच्या भरात तक्रार करून तिची दुकानातली नोकरी घालवलेली असते. होणारा जावई जेराल्ड याने तिला काही महिने आसरा देऊन नंतर सोडलेले असते. मुलगा एरिक याने दारूच्या नशेत तिच्यावर बळजबरी केलेली असते आणि ती गरोदर राहते. आणि शेवटी ती धर्मादाय समितीकडे मदत मागायला जाते तेव्हा समितीतील वजनदार सदस्या असलेल्या श्रीमती बर्लिंग तिला रिकाम्या हाती परत पाठवतात.

मुलीला निबंधासाठी विषय मिळाला आहे: ‘एव्हाच्या मृत्यूला सर्वांत जास्त जबाबदार कोण?’ तिने पाच पात्रांना क्रम लावून टाकला आणि श्रीमती बर्लिंग यांना पहिल्या स्थानावर बसवले. तिचे मुद्दे बरोबर आहेत, तरीही मला तो क्रम पाहून अस्वस्थ वाटले. एखाद्याला पहिला क्रमांक दिला की दुसरा, तिसरा, चौथा आपोआप हलका होतो. ‘मी तर फक्त एक तक्रार केली’ असे शीला म्हणू शकेल. नाटकाला नेमके हेच म्हणणे मोडून काढायचे आहे असे मला वाटते, पण मग इन्स्पेक्टर प्रत्येकाला वेगवेगळे का बोलतो, आणि जेराल्डला सौम्य का वागवतो, याचे उत्तर मला देता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

रंगपीठ

आपली अस्वस्थता योग्य आहे असे मला वाटते. मी अनेक वर्षे नाट्यशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

या नाटकाला ‘नीतिनाट्य’ म्हणतात, आणि हा शब्द सैलपणे वापरलेला नाही. इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकात या प्रकारची नाटके होत असत; त्यांतले सर्वांत प्रसिद्ध ‘एव्हरीमन’. त्यात मृत्यू माणसाला बोलावणे धाडतो आणि आयुष्याचा हिशेब घेऊन ये म्हणतो. मित्र, नातेवाईक, संपत्ती सगळे एकेक करून मागे राहतात आणि थडग्यापर्यंत सोबत करते ते फक्त त्याचे सत्कर्म. प्रीस्टली यांनी हाच साचा घेतला, पण त्यात दोन मोठे बदल केले. पहिला बदल असा की इथे हिशेब स्वतःच्या मरणाचा नसून दुसऱ्याच्या मरणाचा आहे. दुसरा बदल मला अधिक धाडसी वाटतो: जुन्या नाटकात जे सत्कर्म माणसाला तारते, तेच इथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. श्रीमती बर्लिंग यांची समिती हे त्या घरातले एकमेव संघटित सत्कर्म, आणि एव्हाच्या तोंडावर शेवटचे दार बंद होते ते तिथेच. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ‘पात्र गरीब’ आणि ‘अपात्र गरीब’ अशी विभागणी करूनच मदत देण्याची पद्धत धर्मादाय संस्थांमध्ये रूढ होती. एव्हाने स्वतःचे नाव ‘श्रीमती बर्लिंग’ असे सांगितले, ते बाईंना उद्धटपणाचे वाटले, आणि तिचे प्रकरण तेवढ्यावर निकालात निघाले.

आता क्रमाविषयी. या पाच जणांपैकी कायद्याने गुन्हेगार कोण ठरेल, हे मुलीला एकदा तपासायला सांगा. एरिकने वडिलांच्या कचेरीतून सुमारे ५० पौंड उचलले, ती चोरी झाली. त्याची बळजबरी हाही गुन्हाच, पण तशी मुलगी तशा घराविरुद्ध फिर्याद घेऊन कुठे जाणार? बाकी कोणीही कायदा मोडलेला नाही. १९०६ च्या कायद्याने संपाबद्दल कामगार संघटनांवर नुकसानभरपाईचे दावे लावता येत नव्हते, पण संप करणाऱ्या एकट्या मुलीची नोकरी त्याने वाचत नव्हती. अन्यायाने कामावरून काढण्याविरुद्ध दाद मागण्याचा सर्वसाधारण हक्क ब्रिटनमध्ये १९७१ मध्ये आला. तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांचा राष्ट्रीय विम्याचा कायदा १९११ मध्ये मंजूर झाला होता, पण बेकारीचा भत्ता मिळू लागला तो १९१३ च्या जानेवारीत, आणि तोही बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा मोजक्या धंद्यांपुरता. मशीनवर काम करणारी किंवा दुकानात कपडे विकणारी मुलगी त्यात कुठेच बसत नव्हती. उलट इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत आत्महत्या हाच गुन्हा होता. म्हणजे बर्लिंग ज्या न्यायासनावर दंडाधिकारी म्हणून बसत होते, त्याच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणात एव्हा स्वतः गुन्हेगार होती!

म्हणून इन्स्पेक्टर पोलिसाच्या वेशात येतो पण पोलिसाचे काम करत नाही, हे महत्त्वाचे आहे. कायदा जिथे गप्प बसतो तिथून त्याचे प्रश्न सुरू होतात. त्याला शिक्षा सुनवायची नसल्यामुळे कमीअधिक ठरवण्याची गरज नाही. तो प्रत्येकाला वेगळे बोलतो, कारण प्रत्येकाने वेगळी गोष्ट केली आहे. जेराल्डच्या मनात तिच्याविषयी थोडीफार माया होती आणि काही काळ ती सुखात राहिली, एवढे तो प्रामाणिकपणे नोंदवतो. पण निरोप घेताना तो जे बोलतो त्यात आकडेमोड नाही. एक एव्हा स्मिथ गेली, पण कोट्यवधी एव्हा स्मिथ आणि जॉन स्मिथ अजून आपल्यात आहेत. आपण एकटे जगत नाही, आपण एकाच शरीराचे अवयव आहोत, एकमेकांना जबाबदार आहोत. आणि माणसे हा धडा शिकणार नसतील तर तो त्यांना आग, रक्त आणि यातना यांतून शिकवला जाईल, असे तो बजावतो. प्रीस्टली यांनी हे १९४४-४५ च्या हिवाळ्यात लिहिले. ते स्वतः पहिल्या महायुद्धात लढून जखमी झालेले होते. १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या न्यू थिएटरमध्ये राल्फ रिचर्डसन यांनी हे शब्द उच्चारले तेव्हा समोरच्या प्रेक्षकांना ती आग कोणती हे सांगावे लागले नसेल. बर्लिंग पहिल्या अंकात ‘युद्ध होणार नाही’ आणि ‘टायटॅनिक बुडणे शक्य नाही’ असे ठामपणे सांगतात, ते याच प्रेक्षकांसाठी.

कापडपेठ

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी त्यात मजुरीचा मुद्दा घालतो, कारण मी वस्त्रोद्योगात हिशेबाचे काम केले आहे आणि शाळेतल्या चर्चेत हा भाग बहुधा घाईने उरकला जातो.

बर्लिंग यांच्या कारखान्यात मुलींना आठवड्याला सरासरी २२ शिलिंग ६ पेन्स (तेव्हा बारा पेन्सचा एक शिलिंग) मिळत होते. त्यांनी २५ मागितले. सगळा झगडा अडीच शिलिंगांचा आहे. मजुरीचा खर्च सुमारे १२ टक्क्यांनी वाढला असता असे बर्लिंग सांगतात, आणि मजुरी कमी ठेवणे हे आपले कर्तव्यच असल्याचे मानतात. आता मेजवानीतले त्यांचे बोलणे पुन्हा वाचा. जेराल्डचे वडील सर जॉर्ज क्रॉफ्ट हे त्यांचे धंद्यातले प्रतिस्पर्धी. या सोयरिकीमुळे दोन्ही कारखाने एक दिवस स्पर्धा सोडून एकत्र काम करतील, खर्च कमी आणि किमती जास्त, अशी आशा ते मुलीच्या साखरपुड्यात बोलून दाखवतात. मालकांनी एकत्र येऊन भाव ठरवायचे ही दूरदृष्टी. मुलींनी एकत्र येऊन अडीच शिलिंग मागायचे हा उपद्रव. नाटकातला वर्गभेद मला भाषणांपेक्षा या दोन जागा शेजारी ठेवल्यावर जास्त दिसतो. अशांना वेळीच आवरले नाही तर ते अख्खी पृथ्वी मागतील, असे बर्लिंग म्हणतात, तेव्हा इन्स्पेक्टर उत्तरतो की पृथ्वी बळकावण्यापेक्षा मागितलेली बरी.

प्रीस्टली यांना हे वाचून कळलेले नव्हते. ते लोकरीच्या धंद्यावर जगणाऱ्या ब्रॅडफर्डचे. १९१२ साली ते अठराव्या वर्षात होते आणि तिथल्या एका लोकर व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकुनी करत होते. बर्लिंगसारखे मालक आणि एव्हासारख्या मुली त्यांनी रोज पाहिल्या असणार, असे मानायला काहीच हरकत नाही.

एक वाचक

मला हे नाटक आवडते, तरीही एक आक्षेप गंभीरपणे मांडतो. एव्हाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या या नाटकात एव्हा एकदाही रंगमंचावर येत नाही आणि तिला स्वतःचे एकही वाक्य नाही. तिचे दुःख आपल्याला कळते ते इन्स्पेक्टरच्या तोंडून आणि तिला दुखावणाऱ्यांच्या कबुलीतून. कष्टकरी वर्गातले एकच माणूस आपल्याला प्रत्यक्ष दिसते, ती घरकाम करणारी एडना, आणि तिच्या वाट्याला मोजकी वाक्ये.

याहून खोल अडचण अशी की एव्हा अतिशय निर्दोष रंगवली आहे. ती कामात हुशार आहे, मनाने सरळ आहे, आणि पैसे चोरीचे आहेत हे समजल्यावर पोटात मूल असतानाही ती एरिककडून आणखी घेत नाही. समजा, तिने ते घेतले असते; समजा, ती तोंडाळ असती, दारू पीत असती. मग आपल्याला तिची एवढीच कणव आली असती का? तसे नसेल, तर श्रीमती बर्लिंग समितीत जी कसोटी लावतात, ‘ही मदतीला पात्र आहे का?’, तीच नाटककाराने प्रेक्षकांच्या हाती दिली आणि उत्तर तेवढे बदलून दिले, असे म्हणावे लागेल. सामाजिक जबाबदारी सद्गुणी गरिबापुरती असेल तर ती जबाबदारी राहत नाही, बक्षीस होते.

रंगपीठ

आपला आक्षेप मी टाळणार नाही. एव्हाच्या मौनाबद्दल तर मी पूर्ण सहमत आहे. मात्र निर्दोषपणाबद्दल तिसऱ्या अंकाकडे लक्ष वेधतो. गूल नावाचा इन्स्पेक्टर पोलिसांत नाहीच हे कळल्यावर जेराल्ड तर्क लढवतो की छायाचित्र एका वेळी एकालाच दाखवले गेले, तेव्हा सर्वांनी पाहिलेली मुलगी एकच होती कशावरून? चार-पाच वेगवेगळ्या मुली असतील. मग रुग्णालयात फोन होतो, कोणीही मुलगी मेलेली नाही असे समजते, आणि थोरल्यांचा जीव भांड्यात पडतो.

हा तर्क घरच्यांनी सुटकेसाठी वापरला, पण तो आपण त्यांच्याकडून काढून घेऊ शकतो. मुली वेगवेगळ्या असतील तर ती एक निष्कलंक नायिका उरतच नाही. बर्लिंग यांनी काढलेली मुलगी भांडखोर असेल, समितीने परत पाठवलेली खोटारडी असेल, काहीही असेल. तरीही एकीची नोकरी गेली, एकीवर बळजबरी झाली, एकीला गरोदरपणात दारातून परत जावे लागले. एरिक तेव्हा नेमके हेच सांगतो: तो माणूस कोणीही असो, मी जे केले ते केले, आणि आईने जे केले ते केले. शीलाही आईवडिलांना विनवते की काहीच घडले नाही असे वागू नका. मूळ प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. एकच मृतदेह असेल तरच दोषाची वाटणी करता येते, अमक्याचे चाळीस टक्के, तमक्याचे दहा. तो बाजूला झाला की वाटणी कोसळते आणि प्रत्येकाची कृती पुरीच्या पुरी त्याच्यासमोर उभी राहते.

काठावरची

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीला हे सारे वाचून दाखवले. तिने क्रम खोडला नाही. श्रीमती बर्लिंग यांना पहिल्या स्थानावर ठेवण्याची तिची कारणे ती निबंधात देणारच आहे, कारण परीक्षकाला उत्तर हवे असते. पण त्याखाली तिने एक नवा परिच्छेद सुरू केला आहे: मुलाचा बाप कोण हे माहीत नसताना ‘त्या तरुणालाच जबाबदार धरा, त्याला जाहीरपणे शिक्षा करा’ असे श्रीमती बर्लिंग इन्स्पेक्टरला ठणकावतात आणि शीला त्यांना थांबवू पाहते, तो प्रसंग तिने घेतला आहे. सर्व भार एकावर टाकून मोकळे होण्याची घाई तिथे आईला स्वतःच्या मुलापर्यंत घेऊन जाते, असे तिने लिहिले आहे. हे तिला मी सुचवलेले नाही.

एडनाबद्दल वाचल्यावर आम्ही दोघींनी तिच्या साऱ्या जागा शोधल्या. तिसऱ्या अंकात बाहेरच्या दाराचा आवाज येतो तेव्हा श्रीमती बर्लिंग सांगतात की एडना जाईल, चहा करायला मी तिला जागे राहायला सांगितले आहे. मी दोन वेळा वाचूनही ते वाक्य माझ्या नजरेतून निसटले होते.