शीन फिनिश मारलं आणि भिंतीचं सगळं उघडं पडलं. काय करू?

वारजेचा_रंगारी

नमस्कार मंडळी. मी रंगकामाचे छोटे ठेके घेतो. वडील पेंटर होते, त्यांच्याच हाताखाली शिकलो. आता चार पोरं आहेत हाताशी. कोथरूड, कर्वेनगर, वारजे एवढ्या पट्ट्यात काम चालतं. सध्या एका कामात असा अडकलोय की रात्री झोप नाही.

काम कोथरूडच्या जुन्या सोसायटीतलं, टू बीएचके. बँकेतून निवृत्त झालेले काका आणि काकू. दसऱ्याला काम धरलं, दिवाळीच्या आत द्यायचं होतं. एस्टिमेट देताना भिंती बघितल्या: नीरू (चुन्याच्या) फिनिशचा जुना गिलावा, त्यावर दोन-तीन वेळा मारलेलं मॅट, म्हणजे चकाकी नसलेलं इमल्शन. पोपडे नाहीत, ओल नाही. म्हणून लांबी (पुट्टी) फक्त भेगा आणि खिळ्यांच्या भोकांपुरती धरली, सबंध भिंतीला नाही. एक हात प्रायमर (रंगाखालचा थर), दोन हात रंग. ठरलं होतं मॅटच.

दुकानात रंग घ्यायला गेलो तर काकांचा मुलगा बंगळूरहून फोनवर. शेजाऱ्यांकडे बघा कसं चकचकीत आहे, पुसताही येतं, तेच घ्या. म्हणजे मॅटऐवजी शीन, थोडी चकाकी असलेलं. दुकानदाराने री ओढली. काकांनी वरचे पैसे मुकाट्याने मोजले. मीही गप्प बसलो. तिथेच तोंड उघडायला हवं होतं, बाबा असते तर त्यांनी डबा परत ठेवायला लावला असता.

रंग झाला, दिवसा छान दिसत होता. मग इलेक्ट्रिशियन आला आणि हॉलच्या सोळा फुटी भिंतीला छताच्या कडेने एलईडीची पट्टी लावून गेला. उजेड भिंतीला घासून खाली उतरतो तशी. संध्याकाळी काकांचा फोन, "जरा येऊन बघता का?" गेलो. काकांनी बटण दाबलं आणि माझ्या पोटात गोळा आला. थापीचा एकेक फुगवटा, रोलरचे पट्टे, जुन्या वायरिंगची बुजवलेली खाच दारापासून स्विचबोर्डापर्यंत सापासारखी. शिवाय इलेक्ट्रिशियनने पाडलेली भोकं आमच्या पोराने लांबी भरून ब्रशने टचिंग केली होती. शेड तीच, डबा तोच. समोर उभं राहिलं तर काही दिसत नाही, सोफ्यावर बसून तिरकं बघितलं की सात मळकट टिकल्या.

नातीच्या खोलीत उलटी तऱ्हा. तिथे गडद निळा मॅट आहे. काकूंनी आठवड्याभरात ओल्या फडक्याने एक डाग पुसला, तर तिथे वीतभर चमकणारा पट्टा उठलाय.

काकांचं म्हणणं: "एक रंग भिंतीची लाज काढतो, दुसरा पुसता येत नाही. मग मी पैसे कशाचे दिले?" १,१२,००० मधले ३८,००० अडकलेत. माणूस भांडतही नाही हो, चहा देतो. त्यानेच जास्त ओशाळायला होतं.

शीनवरच आणखी एक हात मारला तर झाकेल का, की खरवडायला लागेल? खर्च कोणी करायचा? आणि तुम्ही लोक गिऱ्हाइकाला फिनिश समजावता तरी कसं?

थापी_आणि_पट्टी

आणखी एक हात मारून काही झाकत नाही. उलट अजून चमकेल. मी चाळीस वर्षं हेच करतोय, तेव्हा जरा ऐका.

चकाकी जेवढी जास्त, तेवढी भिंत सपाट लागते. तुम्ही मॅटची भिंत तयार केलीत आणि त्यावर शीन मारलात. दोष रंगात नाही. आमच्यात लांबी घासताना शंभराचा बल्ब वायरला लावून भिंतीला चिकटवून फिरवायचे. आता मोबाइलची बॅटरी पुरते. भिंतीला समांतर धरा, जिथे सावली पडेल तिथे पेन्सिलने गोल करा. हे प्रायमरच्या आधी करायचं असतं, गिऱ्हाइकाने दिवा लावल्यावर नाही.

आता दुरुस्ती. सबंध भिंत १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी मारा, धूळ ओल्या फडक्याने काढा. मग दोन पातळ हात लांबी, पण सिमेंटची पुट्टी वापरू नका. ती गिलाव्यावर धरते, जुन्या इमल्शनवर नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतील. ॲक्रिलिक पुट्टी घ्या. नंतर ३२० ने घासा, प्रायमर सबंध भिंतीला, ठिपक्यांपुरता नाही. मग रंग.

शिसपेन्सिल

इंटिरियरची कामं करते. एक स्वस्तातला मार्ग आधी बघा: ती पट्टी उलटी करता येते का? उजेड भिंतीवर न सोडता छताकडे सोडा. छत पीओपीचं आणि मॅट असेल तर निम्मी तक्रार तिथेच मिटते. मी तर लाइटचा नकाशा हातात आल्याशिवाय पेंटरला फिनिश सांगतच नाही. पश्चिमेची खिडकी भिंतीला काटकोनात असेल तरी संध्याकाळी पाच वाजता हेच होतं, एलईडी असो नसो.

रेणू_आणि_रंग

रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होतो, म्हणून त्या टिकल्यांचं कारण सांगतो.

रंगात मुख्यतः तीन गोष्टी: रंगद्रव्य आणि भुकट्या (खडू, टाल्क, चायना क्ले), त्यांना धरून ठेवणारा रेझिन, आणि पाणी. पाणी उडून जातं. उरलेल्यात रेझिन भरपूर असेल तर कण त्यात बुडतात, वरचा पापुद्रा काचेसारखा सपाट होतो आणि उजेड एकाच दिशेने परततो. हीच चकाकी. भुकटी जास्त असेल तर कण वर डोकावतात, उजेड चहूकडे विखुरतो, तो मॅट. म्हणून मॅट भिंतीचे उंचसखल भाग पोटात घालतो. पण त्याच खडबडीत पृष्ठभागात तेलकट डाग रुततात आणि घासलं की वर आलेले कण गुळगुळीत होतात. नातीच्या खोलीतला पट्टा म्हणजे डाग नाही, ती पॉलिश झालीय. गडद शेडमध्ये ते हमखास दिसतं. त्यात काकूंनी आठवड्यात पुसलं. रंग हाताला तासाभरात सुकतो, पण पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात.

टिकल्यांचं असं: लांबीवर प्रायमर नव्हता, त्यामुळे तिने रेझिन शोषून घेतला आणि तेवढी जागा मंद पडली. शिवाय भिंत रोलरची, टचिंग ब्रशचं, म्हणजे पोतच वेगळा. मॅटमध्ये खपून जातं, शीनमध्ये नाही. शीनचं टचिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारूनच होतं.

आणि 'शीन', 'सॅटिन', 'लस्टर' ही नावं प्रत्येक कंपनीची आपापली. एकाचं सॅटिन दुसऱ्याचं शीन असू शकतं. युरोपात ईएन १३३०० नावाचं मानक आहे. त्यात चकाकी यंत्राने मोजतात: ६० अंशाच्या कोनातून ६० किंवा वर आकडा आला तर ग्लॉस, आणि ८५ अंशातून १० च्या खाली आला तर मॅट. पुसण्याची कसोटी त्यातच, पण वेगळी: २०० वेळा ओलं घासून किती थर झिजला ते मोजतात, ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी झिजला तर पहिला वर्ग. म्हणजे चकाकी आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला रेझिन आणि बारीक भुकटी वापरून बनवलेले पुसता येणारे मॅट मिळतात, फक्त महाग असतात. तुमच्या काकांना बहुधा तेच हवं होतं.

सदाशिव_पेठी

चहा देतायत म्हणजे पैसेही देतील. चहा बंद झाला की काळजी करा.

फोडणीचा_वास

मी पेंटर नाही, घर चालवणारी बाई. गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगते. आम्हाला दुकानात शेड कार्ड देतात, त्यावर नखाएवढा चौकोन. तो हातात धरून सोळा फुटांची भिंत कशी दिसेल ते आम्ही ठरवायचं? रंग कोणता एवढंच सगळे विचारतात, फिनिश कोणी विचारत नाही. 'प्रीमियम' म्हटलं की वाटतं सगळ्यातच चांगलं असणार.

आमच्याकडे गेल्या खेपेला ओट्याच्या बाजूच्या भिंतीला मॅट मारून गेले. सहा महिन्यांत मोहरी उडालेल्या ठिपक्यांची नक्षी. या वेळच्या पेंटरने घरात आल्यावर रंगाचं नावच काढलं नाही. विचारलं, लहान मुलं आहेत का, भिंतीला टेकून कोण बसतं, ओट्यामागे टाइल कुठपर्यंत. मग स्वयंपाकघर आणि पॅसेजला चमकतं, हॉलला पुसता येणारं मॅट, छताला साधं. पैसे जास्त गेले पण वाईट वाटलं नाही.

थापी_आणि_पट्टी

ताईंचं बरोबर. आणि खर्चाचं म्हणाल तर फिनिश गिऱ्हाइकाने बदललं, पण लांबी वाढेल हे सांगणं तुमचं काम होतं. मजुरी तुम्ही सोसा, मटेरियल त्यांनी द्यावं. यापुढे एस्टिमेटवर लिहा: रंग अमुक, फिनिश अमुक, लांबी अमुक हात, दिवे बदलले तर जबाबदारी नाही. आणि तीन बाय तीनचा नमुना त्याच भिंतीवर मारा, रात्री दिवा लावून दाखवा, सही घ्या.

वारजेचा_रंगारी

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी गेलो होतो, काय झालं ते सांगतो.

आधी बॅटरी भिंतीला लावून काकांनाच धरायला दिली. म्हटलं, ही सावली बघा, ही भिंत मुळातच अशी आहे, जुना मॅट ती झाकत होता. आणि हे मी तुम्हाला दुकानात सांगायला हवं होतं, चुकलं माझं. काका बराच वेळ बॅटरी इकडेतिकडे फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं ही भिंत अशीच होती आणि आम्हाला पत्ता नाही." काकू आतून म्हणाल्या, "मला होता."

पट्टी छताकडे वळवून बघितली. फुगवटे खरंच दिसेनासे झाले, पण खाच आणि टिकल्या राहिल्या. मग त्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन नमुने मारले, एक शीन, एक पुसता येणारा मॅट. खाली पेपरने घासून लांबी आणि प्रायमर, रीतसर. आज सकाळी उन्हात आणि रात्री दिव्यात बघून काकांनी मॅट निवडला. मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तर तो म्हणे दोन्ही सारखेच दिसतायत. काकांनी फोन ठेवून दिला.

थापीकाका, तुम्ही म्हणालात तसंच ठरलं, त्या एका भिंतीचं मटेरियल त्यांचं, मजुरी माझी. बाकीच्या भिंतींवर शीनच राहणार, तिथे उजेड समोरून पडतो. नातीची भिंत महिनाभर कोणी पुसायची नाही, मग एक हात मारून देईन. २०,००० आज दिले, उरलेले १८,००० भिंत झाल्यावर.

आता एकच राहिलं. काकूंना त्या भिंतीवर तसबिरी लावायच्या आहेत. नऊ आहेत. उद्या लांबी ओढायच्या आधी खिळे कुठे ते पेन्सिलने आखून घेतोय, ड्रिलवाल्याला सकाळी आठलाच बोलावलंय.