कासवाची अंडी हॅचरीत हलवायची की जागेवरच राखायची?

पुळणकर
रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं, तेव्हा अंडी चोरीला जायची. म्हणून ती उचलून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या राखीव जागेत, पुरणं बरोबरच होतं. आता अनेक गावं स्वतःच राखण करतात, तरी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं प्रत्येक घरटं उकरायची घाई का? घरट्यावर मीटरभर लांब-रुंद जाळी वाळूत आडवी पुरा, कडा खुंट्यांनी घट्ट करा. भोकं ८-१० सेंटिमीटरची ठेवली की कुत्र्याला उकरता येत नाही आणि पिल्लं आपली आपण बाहेर पडतात.

खाडीकाठ
जाळीने कुत्रा थांबेल, उधाण थांबेल का? घरटं भरतीरेषेच्या खाली असेल तर खारं पाणी वाळूत मुरतं, हवा कोंडते आणि गर्भ आतच गुदमरतात. कुर्ल्या तर बिळं करून बाजूने शिरतात. ४५ ते ६० दिवस किनाऱ्यावर विखुरलेली घरटी रात्री कोण राखणार? शंभर-सव्वाशे अंड्यांचं एक घरटं म्हणजे एका मादीचं मोठं देणं आहे, ते नशिबावर सोडायला माझा विरोध आहे.

पुळणकर
उधाणाचं मान्य, तशी घरटी हलवाच. पण हलवतानाही मोठं नुकसान होतं. अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की आतलं पातळ आवरण फाटतं आणि गर्भ मरतो. मादी रात्री अकराला येऊन गेली आणि माणूस सकाळी आठला पोचला, तर नऊ तास झालेले असतात. अंडी बादलीत भराभर टाकून मोटारसायकलवर नेली की पुढे उबवण कमी झाल्याचा दोष हवामानाला देतात.

रेतीमोज
दोघांच्याही मुद्द्यांत तथ्य आहे, पण हॅचरी बदनाम होते ती ढिलाईमुळे. गस्त रात्री आणि पहाटे, दोन्ही वेळा हवी. अंडं ज्या बाजूने वर होतं त्याच बाजूने उचलायचं, खाली ओली वाळू अंथरायची आणि पायीच न्यायचं. नवा खड्डा दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद, तळाशी फुगीर, म्हणजे मडक्यासारखा. दोन खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर हवं. हॅचरीच्या कुंपणाची जागा दर हंगामात बदला, नाहीतर जुन्या कवचांवरची बुरशी आणि किडे नव्या अंड्यांना लागतात.

आणि सावलीचं जाळं सरसकट बांधू नका! पिल्लू नर की मादी हे वाळूचं तापमान ठरवतं. साधारण २९-३० अंशांच्या खाली नर वाढतात, वर माद्या. घरट्याच्या खोलीवर तापमापक पुरून रोज नोंद ठेवली तरच सावली द्यायची की काढायची हे कळतं.

खाडीकाठ
हे पटलं. पण जागेवर राखायचं तर तिथेही एवढीच शिस्त लागेल, आणि माणसं दुप्पट.

पुळणकर
लागू देत. हॅचरीतला आणखी एक प्रकार बंद व्हायला हवा: पर्यटक येईपर्यंत पिल्लं टबात ठेवणं. पहिल्या दिवसभरात पोहत खोल समुद्र गाठायला त्यांच्याकडे पोटातल्या पिवळ्या बलकाचीच शक्ती असते. ती टबात हातपाय मारून संपते. पिल्लं वर आली की अंधारात, निदान पहाटेच सोडा, भरतीरेषेच्या वर ठेवून स्वतः चालू द्या. फ्लॅश नको, हातात घेऊन फोटो तर अजिबात नको. ज्यांना बघायचंय त्यांनी पहाटे यावं.