मुलाच्या नुकसानीचा हिशोब एकदाच का मिटवायचा?

कागदवेडा

उपचारातल्या चुकीने मुलाला इजा झाली तर भरपाई कशी द्यायची, हा माझा प्रश्न. उदाहरण घ्या, ५ किलोचं बाळ. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल शिरेतून द्यायला सांगितलं, ७५ मिलिग्रॅम. बाटलीत दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे जायला हवं साडेसात मिलिलिटर. चार्टवर मात्र नुसतं ‘७५’ लिहिलंय, पुढे एकक नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने ७५ मिलिलिटर लावलं. दहापट! मोठ्या माणसाला बहुतेक वेळा अख्खी १०० मिलिलिटरची बाटलीच जाते, तिथे ही चूक व्हायला जागाच नसते. मुलांचा प्रत्येक डोस वजनावरून काढावा लागतो, त्यामुळे दशांश चिन्ह घसरलं की सगळंच घसरतं.

हलगर्जीपणा सिद्ध झाला असं धरून चालू. माझा वाद पुढच्या गोष्टीशी आहे. आपल्याकडे भरपाई एकरकमी ठरते आणि फाइल बंद होते. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूला इजा झाली तर ते चालेल का, बोलेल का, हे कळायला सात-आठ वर्षं जातात. न्यायालय त्या दिवशी अंदाजच बांधतं.

१९९८ चा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा निकाल बघा. चुकीचं इंजेक्शन शिरेतून दिलं गेलं, मुलाचा मेंदू कायमचा निकामी झाला. मुलाला साडेबारा लाख, आईवडिलांना मनस्तापाचे वेगळे ५ लाख. ग्राहक कायद्याप्रमाणे आईवडीलही ‘ग्राहक’ आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने तिथे मान्य केलं, ते मोलाचंच. पण साडेबारा लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला सुमारे ७,३०० रुपये येतात. त्यात चोवीस तास सांभाळणारी माणसं कशी ठेवायची? एका माणसाने भागत नाही, पाळ्या लावाव्या लागतात.

म्हणून म्हणतो, झालेला खर्च ताबडतोब द्या आणि पुढचा वार्षिक हप्त्यांनी. दर तीन वर्षांनी फेरतपासणी करा.

दुसरी बाजू

साफ असहमत. चाळीस वर्षं हप्ते भरणार कोण? भागीदारीतलं नर्सिंग होम दहा वर्षांत बंद पडतं. डॉक्टरांच्या विम्यावर विसंबावं, तर तो सहसा दावा दाखल होताना चालू असावा लागतो. घटनेच्या दिवशी होता एवढ्यावर भागत नाही. निवृत्तीनंतर पॉलिसी बंद केली असेल तर विमा कंपनी हात वर करते.

शिवाय फेरतपासणी म्हणजे दर तीन वर्षांनी नवा खटला. मूल भिंत धरून दोन पावलं चाललं की समोरचा वकील म्हणणार, सुधारणा आहे, हप्ता कमी करा. म्हणजे मूल सुधारलं की घरच्यांचं नुकसान. ही कसली योजना?

रोग एकरकमीत नाही, रक्कम तुटपुंजी असण्यात आहे. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयातलं प्रकरण घ्या. १९९६ मध्ये २९ आठवड्यांची, १२५० ग्रॅम वजनाची मुलगी जन्मली. डोळ्यांचा पडदा वेळेत तपासला नाही आणि दृष्टी गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ५ लाख दिले होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षांची महागाई धरून, मागच्या खर्चासह, सुमारे १ कोटी ८० लाख दिले. महागाई एकरकमीतही धरता येते, हे तिथे सिद्धच झालं.

कागदवेडा

त्या निकालाला १९ वर्षं लागली. पहिली १९ वर्षं त्या घराने कशावर काढली? तुमचं उदाहरण माझ्या बाजूने जास्त बोलतं.

हॉस्पिटल बुडण्याची भीती मात्र खरी आहे. म्हणून हप्ता हॉस्पिटलकडून नको. रक्कम सुरुवातीलाच विमा कंपनीकडून किंवा डिपॉझिट म्हणून भरून घ्या, मुलाला मिळू दे टप्प्याने. मोटार अपघाताच्या दाव्यांत अल्पवयीन मुलाचे पैसे मुदत ठेवीत ठेवायचे, हे १९९४ पासून ठरलेलंच आहे.

दुसरी बाजू

आणि मधेच ऑपरेशन आलं की त्याच ठेवीसाठी पालकांनी अर्ज करून तारखा घ्यायच्या. चांगली सोय आहे!

एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष)

तुम्ही दोघेही रकमेवर भांडताय. खालची बाजूही बघा. कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन दिल्याशिवाय जगवता येत नाही आणि त्याच ऑक्सिजनमुळे पडद्याला धोका असतो. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा पडदा साधारण महिन्याच्या आत तपासायचा. उपचाराची गरज दिसली तर लेसर दोन-तीन दिवसांत व्हायला हवं. चेन्नईत तपासणीच झाली नाही, तो हलगर्जीपणाच. पण तपासणी आणि लेसर वेळेवर होऊनही काही मुलांची दृष्टी जाते. सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) कारणं तर बऱ्याचदा प्रसूतीच्या आधीची असतात. प्रत्येक वाईट परिणामावर कोटीची टांगती तलवार ठेवलीत, तर छोटी रुग्णालयं दीड किलोच्या आतलं बाळ दारातूनच परत पाठवतील.

न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून दोष न शोधता भरपाई देणारी योजना आहे. अमेरिकेत व्हर्जिनियाने १९८७ मध्ये आणि फ्लोरिडाने १९८८ मध्ये जन्माच्या वेळच्या मेंदूच्या इजेसाठी वेगळा निधी काढला. आपण हा विचार का करत नाही?

कागदवेडा

फ्लोरिडाच्या निधीत बसलात की खटल्याची वाट जवळपास बंद. आणि दोषच शोधायचा नाही, तर त्या चार्टवर उद्याही एकक न लिहिता ‘७५’च लिहिलं जाणार. भरपाईचा धाक हाच त्या चार्टचा तपासनीस आहे, कितीही कडू वाटलं तरी.

फाइल आधी

मुद्दे छान आहेत, पण बरीच प्रकरणं रकमेपर्यंत पोचतच नाहीत, कागदांवरच मरतात. २००२ च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. पण नोंदी जपण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून फक्त ३ वर्षं आहे. आता बघा, जेंटामायसिन या प्रतिजैविकाने मुलाचं ऐकणं गेलं हे बोलायला उशीर झाल्यावर लक्षात येतं. शाळेत घालेपर्यंत कळलं नाही, तर कागद कायदेशीरपणे रद्दीत गेलेले असू शकतात.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. औषधांचा चार्ट, सिस्टरच्या तासातासाच्या नोंदी, इनटेक-आउटपुट (शरीरात किती द्रव गेलं, किती बाहेर आलं), मॉनिटरच्या नोंदी, संमतिपत्र हे सगळं नावानिशी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वजनाचा आकडा आणि दिलेला डोस शेजारी ठेवले की निम्मी केस तिथेच दिसते.

‘आधी पोलिसांत’ ही घाई महागात पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारीला घोर हलगर्जीपणा लागतो आणि कारवाईआधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. भरपाईची वाट ग्राहक आयोगाची. मुदत २ वर्षं, नंतर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. आयोग कोणता, हे मागितलेल्या भरपाईवर नाही, भरलेल्या बिलावर ठरतं. बिल ३ लाखांचं आणि मागणी २ कोटींची असली तरी दावा जिल्हा आयोगातच, फीही शून्य. आणि हरलेल्या हॉस्पिटलला अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

दुसरी बाजू

एक भर. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालामुळे ग्राहक कायद्याबाहेर आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. सरकारने प्रत्येक कुटुंबाला ५ लाख जाहीर केले, ती मदत. मदत आणि भरपाई यांत फरक आहे. हक्काने मागायचं तर दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय.

कागदवेडा

आणि त्या उच्च न्यायालयातल्या रिटमध्ये (हक्कासाठी थेट तिथे करायचा अर्ज) तरी हप्ते मागायला कायद्याची आडकाठी कुठे आहे? माझी मागणी तिथून सुरू करायला हरकत नाही.