प्रबोधनकाळ शिकवताना कला, साहित्य, राजकारण आणि धर्मसुधारणा एकत्र कशा बांधायच्या?

सायली_लातूर

नमस्कार मंडळी. मी यंदापासून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला युरोपचा इतिहास शिकवते. आमच्या नोट्समध्ये प्रबोधनकाळाचे चार कप्पे आहेत. कलेत लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो, साहित्यात पेत्रार्क आणि इरॅस्मस, राजकारणात मॅकियाव्हेली, आणि पान उलटले की एकदम मार्टिन ल्यूथर. मुले पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरतात. परवा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, मायकेलअँजेलो आणि ल्यूथर एकाच काळातले का?" एकाच काळातले, एक १४७५ चा आणि दुसरा १४८३ चा. पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध येतो का, हे तिला धड सांगायचे तर सुरुवात कुठून करावी? नुसती नावे नकोत, गोष्ट म्हणून सांगता येईल असे काही सुचवा.

अर्नोकाठची

सायलीताई, त्या मुलीने फार नेमके विचारले आहे. माझे उत्तर एकच: एक शहर धरा आणि सोडू नका. ते शहर म्हणजे फ्लॉरेन्स, साधारण १४९२ ते १५२७.

आम्ही प्रातोला राहतो, फ्लॉरेन्सच्या शेजारीच. घरी पाहुणे आले की त्यांना फिरवण्याचे काम माझ्याकडे. मी त्यांना आधी संग्रहालयाच्या रांगेत उभे करत नाही, पिआत्सा देल्ला सिन्योरिया या चौकात नेते. पालात्सो वेक्किओ इथेच आहे, प्रजासत्ताकाचा कारभार तिथून चाले. तुमचे चारही कप्पे या चौकात भेटतात.

दारासमोर शिल्पकार दोनातेल्लोची जुडिथ आहे, बायबलच्या कथेत शत्रूचा सेनापती होलोफर्नीस याला मारणारी स्त्री (आता प्रतिकृती, मूळ पुतळा आत ठेवला आहे). एका हातात तलवार उगारलेली, दुसऱ्या हाताने होलोफर्नीसचे केस मुठीत धरलेले. हा पुतळा होता मेडिची या शहरावर सत्ता गाजवणाऱ्या सावकार घराण्याच्या वाड्यातल्या बागेत. १४९२ मध्ये लोरेंझो मेडिची वारला. १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स सैन्य घेऊन इटलीत उतरला, आणि लोरेंझोच्या मुलाने, पिएरोने, न लढताच किल्ले त्याच्या हवाली केले. चिडलेल्या लोकांनी मेडिचींना शहराबाहेर काढले, त्यांच्या बागेतली जुडिथ आणून सरकारच्या दाराशी उभी केली आणि खाली कोरले की नागरिकांनी हे लोकहिताचे उदाहरण म्हणून ठेवले आहे, १४९५. पुतळा तोच, पण कालपर्यंत तो धनिकाच्या बागेची शोभा होता आणि आज हुकूमशहांना इशारा झाला. मुलांना ही जागाबदल समजली की "कलेवर राजकारणाचा परिणाम" हा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

तिथून काही पावलांवर फरसबंदीत ग्रॅनाइटची एक गोल चकती बसवलेली आहे. येणारेजाणारे तिच्यावर पाय देऊन जातात. सावोनारोला नावाच्या डॉमिनिकन साधूला २३ मे १४९८ रोजी या जागी दोन साथीदारांसह फाशी देऊन जाळले आणि राख अर्नो नदीत टाकली. हा माणूस तुमच्या नोट्समध्ये बहुधा नसेलच, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच होतो. तो सान मार्को मठाचा प्रमुख होता. तो मठ मेडिचींच्याच पैशाने नव्याने बांधलेला, भिंतींवर फ्रा आंजेलिकोची चित्रे. त्याला फ्लॉरेन्सला परत बोलावणाराही लोरेंझोच. मेडिची गेल्यावर याच साधूच्या प्रवचनांनी शहर भारून गेले. पोपच्या दरबारातला भ्रष्टाचार तो उघड बोलून दाखवी, नवी नागरी महासभा स्थापन करण्याच्या बाजूने उभा राही, आणि प्रवचने लगेच छापून बाजारात येत. ७ फेब्रुवारी १४९७ ला, कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, याच चौकात मुखवटे, आरसे, फासे, वाद्ये, पुस्तके आणि चित्रे यांची मोठी होळी झाली. त्याच वर्षी मे महिन्यात पोप सहाव्या अलेक्झांडरने त्याला बहिष्कृत केले. तुरुंगात असताना त्याने एका स्तोत्रावर चिंतन लिहिले. ते पुढे १५२३ मध्ये विटेनबर्गला छापले गेले आणि त्याला प्रस्तावना होती मार्टिन ल्यूथरची. ल्यूथर काही आकाशातून पडला नाही, त्याच्या आधी वीस वर्षे इटलीच्या भर चौकात हा वाद पेटला होता.

सावोनारोला गेला आणि काही आठवड्यांत एकोणतीस वर्षांचा मॅकियाव्हेली याच इमारतीत सरकारी नोकरीला लागला. त्या मार्चमध्येच त्याने साधूची प्रवचने ऐकून रोमला सविस्तर पत्र लिहिले होते. पुढे 'द प्रिन्स'मध्ये त्याने निष्कर्ष काढला की शस्त्रधारी प्रेषित जिंकतात आणि निःशस्त्र प्रेषित नामशेष होतात. उदाहरण दिले सावोनारोलाचे. हे वाक्य अभ्यासिकेत बसून सुचलेले नाही, चितेच्या धगीतून आलेले आहे.

मग मायकेलअँजेलोचा डेव्हिड. २५ जानेवारी १५०४ ला हा पुतळा कुठे ठेवायचा हे ठरवायला बैठक बसली, तिला लिओनार्दो आणि बोत्तिचेल्ली दोघेही हजर होते. सरकारचा एक अधिकारी म्हणाला की जुडिथ अशुभ आहे, बाईने पुरुषाला मारावे हे बरे दिसत नाही आणि ती इथे आल्यापासून सगळे वाईटच झाले, पिसा हातचे गेले. शेवटी जुडिथला हलवून तिच्या जागी डेव्हिड आला. मूळ डेव्हिड आता अकादेमिया संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर सगळ्यांसारखे चेहऱ्याकडे बघत राहू नका, डावा हात पाहा. त्यावर सांधल्याच्या रेघा आहेत. एप्रिल १५२७ मध्ये मेडिचींविरुद्ध दंगल झाली, राजवाड्यातून खाली फेकलेल्या बाकाने तो हात तुटला. तुकडे उचलून जपून ठेवणाऱ्या दोन पोरांपैकी एक होता जोर्जो वासारी, ज्याने पुढे या सगळ्या चित्रकारांची चरित्रे लिहिली.

मधल्या काळात, १५१२ मध्ये, मेडिची स्पॅनिश फौजेच्या जोरावर परतले. मॅकियाव्हेलीने मोठ्या हौसेने उभे केलेले नागरी सैन्य आमच्या प्रातोत उधळले गेले आणि गावात भयंकर कत्तल झाली. मॅकियाव्हेलीची नोकरी गेली, कटाच्या संशयावरून हात पाठीमागे बांधून दोरीने टांगण्याचा छळ झाला. सुटका कशाने झाली? मार्च १५१३ मध्ये लोरेंझोचा दुसरा मुलगा पोप झाला, दहावा लिओ, आणि त्या आनंदात कैद्यांना माफी मिळाली. मॅकियाव्हेली गावाकडच्या शेतावर गेला. त्या डिसेंबरात मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की दिवसभर लाकूडतोडे आणि खानावळवाला यांच्यात घालवतो, संध्याकाळी चिखलाचे कपडे दाराशी उतरवून दरबारी पोशाख चढवतो आणि चार तास प्राचीन लेखकांशी बोलत बसतो. 'द प्रिन्स' त्या चार तासांतून आले.

आणि हाच लिओ रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी पापमुक्तिपत्रे (पापाची शिक्षा माफ झाल्याची पत्रे) विकायला परवानगी देतो. जर्मनीत मागणी करणारा आर्चबिशप अल्ब्रेख्ट. त्याने पदासाठी फुगर सावकारांकडून कर्ज काढलेले, म्हणून विक्रीतला अर्धा वाटा कर्जफेडीला आणि अर्धा रोमला. टेट्झेल नावाचा साधू गावोगाव ती पत्रे विकत होता तेव्हा, ३१ ऑक्टोबर १५१७ ला, या विक्रीविरुद्ध ल्यूथरचे ९५ मुद्दे बाहेर आले. हे सगळे एकाच कुटुंबाच्या अवतीभवती घडत होते, ताई. तीच गोष्ट सांगा.

ग्रंथवेडा_सांगली

ताईंचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे, पण एक बाजू राहिली. जुनी हस्तलिखिते तपासण्याची शिस्त आली नसती तर ल्यूथरच्या हाती काही शस्त्रच नव्हते. लोरेंझो वाल्लाने १४४० मध्ये दाखवून दिले की ज्या दानपत्राच्या आधारे पोप पश्चिमेवर हक्क सांगत ते बनावट आहे, कारण त्यातली लॅटिन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातली असूच शकत नाही. हे लेखन १५२० मध्ये ल्यूथरच्या वाचनात आले आणि तो हादरला. तसेच इरॅस्मसने १५१६ मध्ये बाझेलला बायबलमधल्या नव्या कराराची ग्रीक संहिता छापली, तिच्या दुसऱ्या आवृत्तीवरून ल्यूथरने जर्मन भाषांतर केले. साहित्याचा कप्पा इथे थेट धर्मसुधारणेत उघडतो. मुलांना एवढे एक तरी जरूर सांगा.

सायली_लातूर

दोघांचे मनापासून आभार. दोन शंका. मायकेलअँजेलो आणि ल्यूथर यांचा थेट दुवा दाखवता येईल का? आणि बोत्तिचेल्लीने स्वतःची चित्रे त्या होळीत टाकली असे बऱ्याच ठिकाणी वाचले, ते वर्गात सांगू का?

म्हापशेकर

गोव्याहून एक भर. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवलेला आहे. देणगी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेडिची याची, १६९८ मध्ये तो इथे बसवला. काळ उशिराचा, पण घराणे तेच. आणि झेवियर ज्या जेझुइट संघाचा संस्थापक सदस्य, त्याला १५४० मध्ये मान्यता देणारा पोप तिसरा पॉल. त्याच संघाचे फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिले, ते १६१६ ला राशोलला छापले. सहलीला मुलांना इकडे आणलेत तर ही समाधी जरूर दाखवा.

अर्नोकाठची

म्हापशेकर, तिसऱ्या पॉलचे नाव काढलेत ते बरे झाले, सायलीताईंचा पहिला प्रश्न तिथेच सुटतो.

लिओनंतर थोड्याच काळात त्याचा चुलतभाऊ सातवा क्लेमेंट पोप झाला, पुन्हा मेडिची. ६ मे १५२७ ला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बिनपगारी सैन्याने रोम लुटले. त्यात ल्यूथरचे अनुयायी असलेले जर्मन शिपाई बरेच होते. व्हॅटिकनमध्ये राफाएलच्या 'दिस्पुता' या भित्तिचित्रावर कोणीतरी ल्यूथरचे नाव ओरबाडून ठेवले, त्याच्या खुणा अजून आहेत. ही लूट सोसलेल्या क्लेमेंटने सिस्टीन चॅपलच्या वेदीमागच्या भिंतीवर 'अंतिम न्याय' रंगवण्याचे काम मायकेलअँजेलोला दिले, आणि तिसऱ्या पॉलने ते पूर्ण करून घेतले. १५४१ मध्ये चित्र खुले झाले. मायकेलअँजेलोने याच चॅपलचे छत रंगवले तेव्हा, १५०८ ते १५१२, ल्यूथरचे नाव रोममध्ये कोणाला ठाऊक नव्हते. भिंत रंगवेपर्यंत अर्धी जर्मनी हातची गेली होती. छत आणि भिंत यांचे फोटो शेजारी ठेवा. वर ऐटदार, स्थिर देह, खाली घाबरलेली, कोसळणारी माणसे. मला यातला फरक फक्त चित्रकाराच्या वयाचा वाटत नाही. मग याच पॉलने ल्यूथरच्या चळवळीला उत्तर म्हणून १५४५ ला ट्रेंटची कॅथलिक धर्मसभा बोलावली. तिने डिसेंबर १५६३ मध्ये चर्चमधल्या चित्रांतील असभ्यतेवर बंदी घातली, आणि मायकेलअँजेलो वारल्यावर त्याच्याच मित्राने, दानिएले दा व्होल्तेर्राने, त्या भिंतीवरच्या नग्न देहांवर वस्त्रे रंगवली. म्हणजे ल्यूथरला दिलेल्या उत्तराचा ब्रश थेट मायकेलअँजेलोच्या चित्रावर फिरला.

बोत्तिचेल्लीचे मात्र तसे सांगू नका. वासारी त्याला सावोनारोलाचा पक्षपाती म्हणतो, स्वतःची चित्रे जाळली असे म्हणत नाही. होळीत नग्न देहांची रेखाटने आणून टाकणाऱ्यांत वासारीने नावे दिली आहेत ती बाच्चो देल्ला पोर्ता, म्हणजे पुढचा फ्रा बार्तोलोमेओ, आणि लोरेंझो दी क्रेदी यांची. बोत्तिचेल्लीसाठी लंडनच्या नॅशनल गॅलरीतले 'मिस्टिक नेटिव्हिटी' दाखवा. त्यात वरच्या कडेला ग्रीक भाषेत त्याने लिहिले आहे की हे चित्र इटलीच्या संकटकाळात, १५०० सालाच्या अखेरीस काढले.