जुने लोखंडी बाक घडीव आहे की ओतीव?

नौपाडा_रहिवासी
आमचे नौपाड्यातील जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे करताना पणजोबांच्या काळचे लोखंडी बाक आणि एक पलंग निघाला. बाकाच्या पाठीवर वेलबुट्टी आहे. सांध्यांवर वेल्डिंग कुठेच दिसत नाही, उलट लोखंडी पट्ट्या आवळून बसवलेल्या आहेत. हे घडीव काम असेल का? ऐरोलीच्या नव्या घरात, खाडीसमोरच्या गॅलरीत, ते टिकेल का?

ऐरण
पट्ट्यांचे सांधे पाहता ते घडीव असण्याचाच संभव मोठा आहे. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, कार्बन २ टक्क्यांहून अधिक असतो, त्यामुळे ते साच्यात ओतता येते, पण ठोकल्यास तडकते. घडीव लोखंडात कार्बन नाममात्र असतो आणि मळीचे (लोखंड गाळताना उरलेल्या काचेसारख्या मळाचे) बारीक तंतू पसरलेले असतात, म्हणून तापवून ऐरणीवर त्याला हवे तसे वळण देता येते. गंजाने जिथे खोल खाल्ले आहे, तिथे भिंगातून पाहावे. लाकडासारख्या लांबट रेषा दिसल्या, तर शंका उरत नाही. हेन्री कोर्ट यांनी १७८४ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीमुळे इंग्लंडमध्ये हे लोखंड मुबलक झाले आणि पुढच्या शतकात कठडे, फाटके, बागेतील खुर्च्या यांसाठी सर्रास वापरले गेले. १८५६ मध्ये बेसेमर यांची पोलादाची पद्धत आली व घडीव लोखंड हळूहळू मागे पडले. आज ‘रॉट आयर्न’ (घडीव लोखंड) म्हणून विकले जाणारे फर्निचर बहुतेक माइल्ड स्टीलचे, म्हणजे कमी कार्बनच्या पोलादाचे असते. तेही उपयोगी आहे, परंतु आपले बाक कृपया भंगारात देऊ नका.

खाडीकाठ_वाशी
गॅलरीत जरूर ठेवा, मात्र खारा वारा गंज वाढवतो. फॅब्रिकेटरला ग्राइंडर फिरवू देऊ नका, कारण त्याने हातोड्याचे ठसेच निघून जातात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा न घासता ओल्या पॉलिश पेपरने काढावा. नंतर पूर्ण वाळवून रेड ऑक्साइड प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. आवळलेल्या पट्ट्यांच्या आत पाणी मुरते, तेव्हा दर पावसाळ्यापूर्वी त्या फटी आधी तपासाव्यात.

ऐरण
पलंगाविषयी एक सांगायचे राहिले. लाकडाच्या फटींत ढेकूण होत, म्हणून एकोणिसाव्या शतकात इस्पितळांत लोखंडी पलंग आले आणि मग घरोघरी पोहोचले. अशा पलंगांच्या दांड्या जिथे एकत्र येतात, तिथल्या नक्षीदार गाठी बऱ्याचदा बिडाच्या असतात. हलवण्यासाठी पलंग सोडवताना त्यांवर हातोडा मारू नका; सांध्यात तेल सोडून रात्रभर थांबा आणि मग दांडी हलक्या हाताने वर उचला.