एम.ए. मराठी कोल्हापुरात की भाषाविज्ञान पुण्यात? साहित्यसिद्धांतही सोडवत नाही

कागलची_वाचक

नमस्कार. मी कागलची, यंदा बी.ए. मराठी झाले. पुढं काय, यावर घरात रोज रात्री जेवताना विषय निघतो, म्हणून इथं विचारते.

मला दोन गोष्टींची ओढ आहे. एखादी कविता मनात घर करते ती नक्की कशामुळं, हे मला समजून घ्यायचंय. साहित्यविचाराच्या पेपरात ‘गंगेवर गवळीवाडा’ हे लक्षणेचं, म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घ्यायचा त्याचं, उदाहरण होतं. प्रवाहावर वाडा कसा उभा राहील? म्हणजे ‘गंगेवर’चा अर्थ काठावर. मग कवी सरळ ‘काठावर’ का म्हणत नाही? त्या दिवशी एस.टी.त बसून कागलपर्यंत मी हाच विचार करत आले.

दुसरी ओढ बोलीची. आजी कर्नाटकातल्या सदलग्याची. वाक्य कानडीत सुरू करते आणि मराठीत संपवते. आई, काकू, मी, आम्ही सगळ्या घरात ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतो. इथं लिहिताना ‘झाले’, ‘आले’ लिहिते, ते शाळेमुळं. पुण्याच्या आतेबहिणीनं विचारलं, “मुलगी असून तू असं का बोलतेस?” याला काहीतरी कारण असणारच, आणि ते मला शोधायचंय.

शिवाजी विद्यापीठात एम.ए. मराठी केलं तर रोज जाऊन-येऊन होईल. डेक्कन कॉलेजला भाषाविज्ञान आहे, पण पुण्यात राहायचा खर्च आणि शिकवणं इंग्रजीतून. बाबा विचारतात, “भाषाविज्ञान करून पोरगी होणार कोण?” अनुभव असलेल्यांनी सरळ सांगावं.

राजारामपुरीकर

नोकरीच्या बाजूनं तेवढं सांगतो. आपल्याकडच्या कॉलेजांच्या जाहिराती मराठी, हिंदी, इंग्रजी अशा विषयांच्या निघतात. ‘भाषाविज्ञान’ म्हणून जागा मी कोल्हापूर-सांगलीत पाहिलेली नाही. नेटला, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेला, मराठीचा विषय क्रमांक ३८, भाषाविज्ञानाचा ३१. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० चा, मिळून ३०० गुण आणि ३ तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात, त्यामुळं प्राध्यापकी नको असली तरी परीक्षा द्यावीच. इथल्या कॉलेजात शिकवायचं असेल तर मराठीतलं एम.ए. हातात असू दे.

दूधगंगाकाठ

तुझा प्रश्न वाचला आणि सविस्तर लिहिल्याशिवाय राहवेना. मी राधानगरी तालुक्यातली. बी.ए. कोल्हापुरात, भाषाविज्ञान पुण्यात. बोलींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती लिहून काढणं हे आता माझं रोजचं काम.

आधी तुझ्या ‘मी जातो’बद्दल. प्रमाण मराठीत बाई ‘मी जाते, मी गेले’ म्हणते, आपल्याकडं ‘मी जातो, मी गेलो’. पण तीच बाई जावेबद्दल बोलताना ‘ती गेली’च म्हणते. म्हणजे क्रियापदातला लिंगभेद सगळीकडून गेलेला नाही, ‘मी’पुरताच गेलाय. इतकं नेमकं जे घडतं त्याला बोलीचा नियम म्हणतात. आतेबहिणीला हे खुशाल सांग.

आता कारण. पहिला संशय कानडीवर जातो. ‘नानु होगुत्तेने’ बाईही म्हणते आणि पुरुषही, लिंग दिसतं ते तृतीय पुरुषात. पण इथं घाई करू नको. कानडीत द्वितीय पुरुषातही लिंगभेद नाही. मग हा सगळा कानडीचाच परिणाम असेल तर ‘तू’च्या क्रियापदातही तो दिसायला पाहिजे. आजी तुझ्या आईला ‘आलीस’ म्हणते की ‘आलास’? सदलग्यात काय म्हणतात, कागलात काय, आणि तिकडं गगनबावड्यात, जिथं कानडी कानावर पडत नाही, तिथं काय? कोण बोललं, वय काय, माहेर कुठलं, कुणाशी बोलत होती, एवढं प्रत्येक वाक्यापुढं लिहीत गेलीस तर तुझ्या प्रबंधाचं काम सुरू झालं म्हणून समज.

आणि हा पट्टा भाषाविज्ञानात जगभर माहीत आहे, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. सांगलीजवळचं कुपवाड. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या संशोधकांनी तिथल्या मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगूवर लिहिलेला लेख १९७१ साली प्रसिद्ध झाला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एकीतल्या शब्दाच्या जागी दुसरीतला शब्द ठेवत गेलं तरी वाक्य उभं राहतं, अशी त्यांची मांडणी. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे त्यातलं उदाहरण. आपल्या शिवारातलं हे वाक्य परदेशातली मुलं वर्गात शिकतात! पुढं डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतरचं कुपवाड पुन्हा अभ्यासलं आणि त्या मांडणीची चिकित्सा केली. तो मूळ लेख आणि ही चिकित्सा शेजारी ठेवून वाचलीस तर संशोधन म्हणजे काय ते कळेल.

आजी सदलग्याची म्हणतेस, तर प्राकृतचे मोठे अभ्यासक आ. ने. उपाध्ये सदलग्याचेच. राजाराम कॉलेजात ते अर्धमागधी ही प्राकृत भाषा शिकवायचे. इ.स. ७७९ मधल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात ‘दिण्णले, गहिल्ले’ (दिले, घेतले) म्हणणाऱ्या मरहट्ट्यांचा, म्हणजे मराठी लोकांचा, उल्लेख आहे. मराठी किती जुनी, ही चर्चा निघाली की हा पुरावा पुढं येतोच. त्या ग्रंथाची संहिता हस्तलिखितांवरून नीट लावून दिली ती उपाध्यांनी.

माझं मत स्पष्ट आहे: पुण्याला जा. (डेक्कन कॉलेज येरवड्याला आहे, डेक्कन जिमखान्यावर उतरून शोधत बसू नको.) सिद्धांत पुस्तकातून कळतो, पण उच्चार टिपायची विद्या गाण्यासारखी आहे, समोर बसवून कुणीतरी कान तयार करून घ्यावा लागतो. ध्वनिलिपीत लिहिणं, ‘प्राट’ या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये आवाजाचा आलेख वाचणं, बोलणाऱ्याला न सुचवता त्याच्याकडून वाक्य काढून घेणं, हे एकटीनं जमायला फार वर्षं जातात. पदवी कुठल्याही शाखेची चालते.

मंगळवार_पेठ

ताईंचं कुपवाडचं वाचून आनंद झाला. पण साहित्यसिद्धांत पार बाजूला पडला, म्हणून लिहितो. मी मराठी शिकवतो.

या दोन ओढी वेगळ्या आहेत असं समजू नकोस. आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकारानं नवव्या शतकात काव्यातला ध्वनी, म्हणजे सरळ न सांगता सुचवलेला अर्थ, सांगितला तेव्हा ‘ध्वनी’ ही संज्ञा आपण वैयाकरणांकडून घेतली असं त्यानं स्वतःच नोंदवलंय. तिकडं युरोपात सोस्यूर या भाषावैज्ञानिकाची व्याख्यानं त्याच्या पश्चात १९१६ साली ग्रंथरूपात आली, आणि त्यातल्या भाषाविचारावर पुढची सगळी संरचनावादी समीक्षा, म्हणजे साहित्यातही भाषेसारखी रचना शोधणारी समीक्षा, उभी राहिली. आपल्याकडं अशोक केळकर हाडाचे भाषावैज्ञानिक, साहित्य अकादमी मिळाली ती ‘रुजुवात’ला, म्हणजे समीक्षेच्या पुस्तकाला. तुझा गवळीवाड्याचा प्रश्न भाषेचा म्हणायचा की काव्याचा? तो दोन्हीकडचा आहे म्हणूनच मोलाचा आहे.

मात्र मी कोल्हापूर म्हणेन. साहित्यसिद्धांताला आधी साहित्य पोटभर वाचलेलं लागतं. ज्ञानेश्वरी आणि मर्ढेकर न वाचता फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदावर बोलणारी मुलं मी पाहतो आणि जीव तुटतो. एम.ए. मराठीची दोन वर्षं तुला सक्तीनं वाचायला लावतील, ती सक्ती हवी. रा. भा. पाटणकर इंग्रजीचे प्राध्यापक, पण ‘सौंदर्यमीमांसा’ त्यांनी मराठीत लिहिली. जर्मन तत्त्वज्ञ कांट मराठीतून समजून घ्यायचा असेल तर ते पुस्तक सावकाश, पेन्सिल घेऊन वाच. आणि गणेश देवी याच शिवाजी विद्यापीठात शिकले. साहित्यसमीक्षेवर लिहिलं आणि पुढं भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण उभं केलं, त्यात ७८० भाषांची नोंद आहे. समीक्षेतून भाषांकडं जाता येतं.

नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए.च्या पहिल्या वर्षी संशोधनपद्धतीचा पेपर आहे, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फिल्ड प्रोजेक्ट आहे, दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. ‘मी जातो’ तिथंही करता येईल. गावं तर सगळी इथंच आहेत.

कागलची_वाचक

ताई, सर, राजारामपुरीकर दादा, मनापासून आभार. बाबांना कुपवाडचं वाचून दाखवलं. ते पूर्वी मिरजेकडं दुधाच्या गाडीवर होते. म्हणाले, “तिथं चहाच्या टपरीवर एकच माणूस तिघांशी तीन भाषांत बोलायचा, मी बघितलंय.” मग बराच वेळ तेच सांगत बसले. पुण्याचं नाव काढल्यावर पहिल्यांदाच नाही म्हणाले नाहीत.

आईला आजी ‘आलीस’ म्हणते. काकूलाही ‘आलीस’च. हे मी आजवर कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

इंग्रजीची धास्ती मात्र आहेच. बारावीपासून सगळं मराठीतून लिहिलंय.

दूधगंगाकाठ

‘आलीस’ हे महत्त्वाचं आहे, तारखेसकट वहीत लिहून ठेव. एका घरावरून निष्कर्ष काढायचा नाही, पण कानडीवाला सोपा खुलासा इथं अडकला हे खरं.

इंग्रजीचं असं कर. विषय आधी मराठीतून पक्का कर. ना. गो. कालेलकरांचं ‘भाषा आणि संस्कृती’ घे, चांगलं मराठी गद्य म्हणूनही वाचण्यासारखं आहे. त्यानंतर मिलिंद मालशे यांचं ‘आधुनिक भाषाविज्ञान’. स्वनिम (अर्थात फरक करणारा ध्वनी), रूपिम (अर्थाचा लहानात लहान तुकडा), पदबंध (एकत्र चालणारा शब्दांचा गट) या कल्पना एकदा मराठीत बसल्या की इंग्रजी पुस्तकात तेच ओळखीचे चेहरे भेटतात. विद्यापीठातलं खर्डेकर ग्रंथालय आहे, गावात करवीर नगर वाचन मंदिर आहे, पुस्तकांवाचून अडणार नाही.

सरांच्या म्हणण्यावर मी दोन दिवस विचार केला. पुण्याला जा हे माझं मत अजून तेच आहे, कारण वाचन घरी करता येतं आणि ध्वनिशास्त्र येत नाही. पण पैशाचं जमत नसेल तर सरांची वाट घे आणि प्रकल्प बोलीवरच कर. अर्ज दोन्हीकडं भर. फी आणि वसतिगृहाचं त्या त्या कार्यालयात विचार, इथल्या जुन्या आकड्यांवर जाऊ नको.

आणि आजीचं बोलणं आतापासून ध्वनिमुद्रित करायला लाग. आधी तिला नीट सांग कशासाठी ते, ती हो म्हणाली तरच मोबाईल चालू कर. पंखा बंद ठेव. प्रश्न विचारू नको, पेरणीचं नाहीतर माहेरचं काहीतरी काढ आणि मधे बोलू नको. पहिली पाच मिनिटं ती पुस्तकी बोलेल, त्यानंतरचं ऐक.