विंडोज टाकतानाच रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) सेटिंग कशी घालायची?

परळकर: दादरच्या क्लासमधले पीसी फॉरमॅट करतोय, विंडोज ११. सेटअपकम्प्लीट.सीएमडी (सेटअप संपताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) मध्ये रेग ॲड (रजिस्ट्रीत नोंद घालायची कमांड) टाकलंय, एचकेएलएमचं (अख्ख्या पीसीची सेटिंग्ज) सगळं बसतं पण फाइल एक्स्टेन्शन दाखवायचं एचकेसीयूचं (चालू युजरची सेटिंग्ज) सेटिंग लॉगिन केलं की लागलेलंच नसतं, असं का?

मुलुंडवाला: अरे ती स्क्रिप्ट सिस्टीम अकाउंटखाली (विंडोजचं स्वतःचं खातं) चालते ना, मग एचकेसीयू पण सिस्टीमचंच. युजर्स फोल्डरमधल्या डिफॉल्टची एनटीयूजर.डॅट (युजरच्या रजिस्ट्रीची फाइल) रेग लोडने उघड, हाइडफाइलएक्स्ट (एक्स्टेन्शन लपवायचं सेटिंग) ० कर आणि शेवटी रेग अनलोड नक्की कर, नंतर बनणारा प्रत्येक युजर त्याचीच कॉपी घेतो.

विरारकर: बरोबर, पण हे ऑटोअनअटेंड.एक्सएमएलच्या (सेटअपला आधीच उत्तरं देणारी फाइल) स्पेशलाइझ टप्प्यात रनसिंक्रोनसखाली (कमांड चालवायचा भाग) टाक, तेव्हा तुझा युजर बनलेलाच नसतो. शिवाय ओईएम की (पीसी बनवणाऱ्या कंपनीची विंडोज की) असेल तर होम-प्रोवर सेटअपकम्प्लीट चालतच नाही!